कॅरॅव्हॅन क्लबची पहिली रॅली आणि तिथली चॅरिटी फेट : नवख्यांसाठी

रॅली म्हटलं की मराठी माणसाला ट्रक, कर्णे आणि झेंडे आठवतात. ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅन क्लबच्या रॅलीतही झेंडा असतो आणि रविवारी सकाळी दहा मिनिटांचं भाषणही असतं, पण बाकी प्रकार निराळा. एखाद्या शेतकऱ्याचं कुरण, त्यात ओळीनं उभ्या कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं) आणि मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली), पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि संडासाची टाकी रिकामी करायची एक जागा. बहुतेक ठिकाणी एवढंच. वीज नाही, न्हाणीघर नाही, दुकान नाही. म्हणून भाडंही नेहमीच्या कॅम्पसाइटच्या मानानं बरंच कमी.

उन्हाळ्यात यातल्या काही रॅलींना जोडून शनिवारी दुपारी चॅरिटी फेट ठेवतात. आपल्या शाळेतला आनंदमेळावा डोळ्यासमोर आणा: केकचा स्टॉल, लकी ड्रॉ, नेमबाजी, झाडांची रोपं, जुन्या वस्तूंचं टेबल. जमलेले पैसे जवळच्या हॉस्पिसला (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था), एअर ॲम्ब्युलन्सला किंवा तशाच एखाद्या संस्थेला जातात.

नवीन माणूस इथे साइटवर जातो तसा जातो आणि तिथेच चुकतो. साइटवर तुम्ही गिऱ्हाईक असता, रॅलीत घरचे. पाणी, उजेड, संडास सगळं स्वतःचं न्यायचं आणि फेटच्या दिवशी कुठल्या तरी टेबलामागे उभंही राहायचं.

नाव नोंदवताना

मोठे क्लब दोन. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ चा (२०१७ पर्यंत नाव नुसतं कॅरॅव्हॅन क्लब) आणि कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब १९०१ चा. पहिल्याच्या स्थानिक शाखांना ‘सेंटर’ म्हणतात, दुसऱ्याच्या शाखांना ‘डिस्ट्रिक्ट असोसिएशन’. रॅली भरवतात त्या या शाखा, आणि सगळं काम बिनपगारी सभासद करतात. १९६० च्या कॅरॅव्हॅन साइट कायद्यानं मान्यताप्राप्त संस्थांना सभासदांचा मेळावा परवान्याशिवाय पाच दिवसांपर्यंत भरवता येतो, त्याच सवलतीवर हे चालतं. त्यामुळे मुक्काम सभासदांनाच करता येतो. बिनसभासद मित्राला फेट बघायला बोलवा, राहायला नको.

रॅलीच्या पुस्तिकेत चार गोष्टी बघायच्या: नाव कोणाकडे द्यायचं, किती वाजल्यापासून आत घेतात, रस्ता कुठून आहे आणि जेवणाचा काय बेत आहे. ‘अमेरिकन सपर’ किंवा ‘फेथ सपर’ लिहिलेलं असेल तर प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी वाटून खायचा. लँकशरकडे याच प्रकाराला ‘जेकब्ज जॉइन’ म्हणतात. ताट, पेला, चमचा आणि बसायची खुर्ची आपापली. खुर्ची विसरलेला नवखा दर रॅलीत एक तरी निघतोच.

वजनाचा हिशेब

कंटाळवाणा भाग हाच, आणि जीव यावरच अवलंबून असतो. तीन आकडे माहीत हवेत. गाडीचं स्वतःचं वजन, म्हणजे कर्बवेट. कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त भरलेलं वजन, ज्याला इथे एमटीपीएलएम म्हणतात. ते दाराजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. आणि कारखान्यातून निघतानाचं वजन, म्हणजे एमआयआरओ.

नवख्यासाठी संकेत असा की एमटीपीएलएम गाडीच्या कर्बवेटच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. गाडी १,६०० किलोंची असेल तर कॅरॅव्हॅन १,३६० किलोंपर्यंत. हा कायदा नाही, पण अनुभवी माणसंही सहसा १०० टक्क्यांपुढे जात नाहीत. गाडीच्या कंपनीनं ठरवलेली ओढण्याची मर्यादा मात्र कायद्याचीच, ती ओलांडायची नाही.

एमटीपीएलएममधून एमआयआरओ वजा केलं की सामानासाठी किती उरतं ते कळतं. समजा १,३५० वजा १,२०० म्हणजे १५० किलो. भरपूर वाटतं ना? आता त्यातून ऑनिंग (दारापुढचा तंबू) २५ ते ३० किलो, लिझर बॅटरी (कॅरॅव्हॅनच्या आतल्या विजेसाठीची) २५ किलोंच्या आसपास, मोटर मूव्हर (गाडीशिवाय कॅरॅव्हॅन हलवणारी मोटर) बसवला असेल तर तो ३० किलोंहून जास्त, चार खुर्च्या आणि टेबल २० किलो. शंभर इथेच गेले. त्यात फेटसाठी म्हणून नारळांचं पोतं, टोमॅटो केचपचे डबे आणि टोम्बोलाच्या बाटल्या भरल्या की गाडा जड होतो. तसलं सामान गाडीच्या डिकीत टाका. अर्थात डिकीलाही मर्यादा आहेच. पाण्याचा ड्रम प्रवासात रिकामाच ठेवायचा. ४० लिटर म्हणजे ४० किलो.

किती भरता याच्याइतकंच कुठे भरता हेही महत्त्वाचं. जड वस्तू जमिनीलगत आणि चाकांच्या रेषेवर, हलक्या वरच्या कपाटांत. मागच्या टोकाला जड सामान ठेवलं तर पुढचा आकडा (गाडीला अडकवायचा हूक) हलका पडतो आणि वेग वाढला की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागते. आकड्यावर पडणारा भार, म्हणजे नोजवेट, भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. कॅरॅव्हॅन १,३०० किलो भरली असेल तर ६५ ते ९१ किलो. पण गाडीच्या टोबारची (मागच्या ओढायच्या दांड्याची) मर्यादा ७५ असेल तर ७५ वरच थांबायचं. मोजायला छोटा काटा मिळतो.

झुलणं सुरू झालंच तर ब्रेक दाबू नका, उलट स्टिअरिंग फिरवू नका. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा. वेग उतरला की ती आपोआप सरळ होते. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान हलवा.

लायसन्सचं सोपं झालंय. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना आधी त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. भारतातून नवीन आलेल्यांनी ध्यानात ठेवावं की तिकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं आणि ते इथल्या लायसन्सशी नुसतं बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. वेगाची मर्यादा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवे आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजव्या लेनमध्ये जायचं नाही.

जोडणी

पहिल्यांदा जोडताना घाई करू नका आणि मध्येच कोणाशी गप्पा मारू नका. क्रम मोडला की एक पायरी गळते.

१. खिडक्या, छताची झडप, गॅसची बाटली बंद. फ्रिज १२ व्होल्टवर. चारी कोपऱ्यांचे पाय वर.
२. कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते बघा. मग गाडी मागे घ्या.
३. जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक, फिरवलं की टोक वर-खाली होतं) फिरवून आकडा टोबारच्या गोळ्यावर उतरवा. खट् आवाज येतो आणि हिरवी खूण दिसते.
४. खुणेवर विसंबू नका. जॉकी व्हील पुन्हा उलटं फिरवून आकडा वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत किंचित उचलला गेला तर जोड पक्का बसलाय.
५. स्टॅबिलायझर (झुलणं रोखणारा आकडा) असेल तर त्याचा दांडा दाबा. असल्या आकड्याच्या गोळ्याला ग्रीस लावायचं नसतं. तो घर्षणावरच काम करतो. ग्रीस लागलं की निकामी.
६. ब्रेकअवे केबल अडकवा. कॅरॅव्हॅन सुटलीच तर हीच तार तिचा ब्रेक लावते.
७. १३ पिनांचा प्लग लावा. जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करा.
८. हँडब्रेक सोडा, दिवे एकाला मागे उभं करून तपासा, वाढीव आरसे लावा, आणि पायरी उचलली का ते बघा.

शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. दारासमोरची प्लॅस्टिकची पायरी कुरणात ठेवून घरी गेलेली माणसं कमी नाहीत.

कुरणात शिरताना

सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारं यंत्र) बंद करा, निदान शेवटचे चार मैल तरी. त्याला तुमच्यामागे सात मीटरचं घर आहे हे ठाऊक नसतं. तो सरळ दोन कुंपणांमधल्या बोळात घालतो, आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची पाळी तुमच्यावर. पुस्तिकेत दिलेल्या रस्त्यानंच या. शेवटच्या वळणांवर क्लबच्या पाट्या लावलेल्या असतात.

ठरलेल्या वेळेआधी पोचू नका. अरुंद रस्त्यावर फाटकासमोर चार कॅरॅव्हॅन उभ्या राहिल्या की गावकरी चिडतात आणि पुढच्या वर्षी शेतकरी कुरण देत नाही. आत शिरल्यावर चालण्याच्या वेगानं, म्हणजे ताशी ५ मैल. झेंडा लावलेली कॅरॅव्हॅन मार्शलची, म्हणजे रॅली सांभाळणाऱ्या सभासदाची. तिथे नाव आणि सभासद क्रमांक सांगा. मग मार्शल जागा दाखवेल. खुंटी असली तर कॅरॅव्हॅनचा कुठला कोपरा तिच्याशी आणायचा ते त्यालाच विचारा, कारण ठिकाणाप्रमाणे ते बदलतं. दोन कॅरॅव्हॅनमध्ये ६ मीटर अंतर आणि ऑनिंग धरून किमान ३ मीटर मोकळी वाट हा आगीचा नियम आहे, त्यात सूट मिळत नाही. दारापाशी पाण्यानं भरलेली एक बादली ठेवायची, तीही आगीसाठीच.

मागे घेताना गोंधळ उडतो. युक्ती साधी आहे: स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला, घड्याळात ६ असतो तिथे, हात धरा. कॅरॅव्हॅनचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्या. थोडंच फिरवा आणि हळू जा. नाहीच जमलं तर मार्शलला सांगा. चार जण येऊन हातानं ढकलतील आणि कोणी हसणार नाही. (हसतील, पण नंतर.)

सपाट करणं

गवंड्याची छोटी पाणसळ सोबत ठेवा. आधी आडवी पातळी बघायची, म्हणजे डावं चाक खाली आहे की उजवं. खालच्या चाकापुढे रॅम्प ठेवून गाडीनं किंवा मूव्हरनं कॅरॅव्हॅन त्यावर चढवा, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की थांबा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला ठोकळा लावा. त्यानंतरच गाडी सोडवायची. मग लांबीची पातळी जॉकी व्हीलनं. सगळ्यात शेवटी कोपऱ्याचे चार पाय खाली, प्रत्येकाखाली फळीचा तुकडा ठेवून, नाहीतर मऊ मातीत ते रुततात. हे पाय फक्त डुगडुग थांबवायला असतात. त्यांनी कॅरॅव्हॅन उचलायचा प्रयत्न केला तर तळाची चौकट वाकते, दार नीट लागेनासं होतं.

पातळीचा आग्रह नुसत्या झोपेसाठी नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण उष्णतेनं वर चढतं आणि स्वतःच्या वजनानं उतरतं. कॅरॅव्हॅन जास्त कलली की ते अडतं आणि फ्रिज थंड होत नाही. दुसरं, १२ व्होल्टवर तो फक्त इंजिन चालू असतानाच चालतो. मुक्कामी पोचल्यावर गॅसवर टाकायचं विसरलात तर शनिवारी सकाळी चहाला नासलेलं दूध.

पाणी, वीज, गॅस, संडास

पाण्याचा लोटत न्यायचा ड्रम ४० लिटरचा असतो. चौघांच्या कुटुंबाला, आंघोळ सोडून, दिवसाला एक ते दोन ड्रम लागतात. वापरलेलं पाणी जमिनीवर सोडायचं नाही, वेगळ्या टाकीत धरायचं आणि मार्शल सांगेल तिथे ओतायचं.

रॅलीतला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे संडासाची कॅसेट (काढून नेता येणारी टाकी) पिण्याच्या नळावर धुणं. एकदा असं करताना दिसलात की ते वर्षानुवर्षं विसरलं जात नाही. कॅसेट १७ ते २० लिटरची असते, चौघांत ती दोनेक दिवसांत भरते. तळाशी दोन लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तितकं औषध घाला. निळं औषध घेण्याआधी चौकशी करा: काहींत फॉर्माल्डिहाइड असतं, त्यानं शेतकऱ्याच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. हिरवं त्यासाठीच निघालं. ओतताना कॅसेटचं तोंड बाहेर वळवा, ती तिरकी करा आणि अंगठ्यानं हवेचं बटण दाबून धरा. बटण विसरलात तर गटागटा हवा ओढत ते उसळतं आणि बुटांवर येतं.

विजेचं गणित असं. ११० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे, म्हणजे ५५, वापरायचे; त्याखाली उतरवलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य घटतं. एलईडी दिवे रात्रीचे ५ ते १०. पाण्याचा पंप चालू असताना ४-५ अँपिअर खातो, पण दिवसभरात चालतो पंधरा मिनिटं. मोबाइल किरकोळ. शुक्रवार ते रविवार आरामात निघतो. इन्व्हर्टर लावून विजेची किटली चालवायचा मोह टाळा. १,००० वॅटची छोटी किटलीसुद्धा १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास ओढते. शिटीची किटली घ्या आणि गॅसवर चहा करा.

गॅसमध्ये उन्हाळ्यात ब्युटेन चालतं. थंडीत शून्याच्या आसपास ते बाटलीतून निघतच नाही, तेव्हा प्रोपेन. प्रोपेनच्या नटाचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतो. नवखे जोर लावून उलट सैल करत बसतात. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. आणि बार्बेक्यू, विझत आलेलासुद्धा, ऑनिंगमध्ये आणायचा नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो. अलार्म लावलेला हवाच.

फेट : तुमच्या वाट्याला काय येईल

पहिल्या खेपेला बहुधा टोम्बोला देतात. मुंबई-पुण्याच्या क्लबात टोम्बोला म्हणजे हाउजी. इथे तसं नाही. इथे चिठ्ठी ओढायची आणि आकडा ० किंवा ५ वर संपत असेल तर त्या आकड्याचं बक्षीस लगेच हातात.

समजा १०० बक्षिसं जमली. जोडचिठ्ठ्यांची पुस्तकं मिळतात, प्रत्येक आकडा दोनदा छापलेला. १ ते ५०० घ्या. त्यात ० आणि ५ वर संपणारे आकडे बरोबर १०० होतात, म्हणजे पाचात एक जिंकतो. ५, १०, १५ अशा चिठ्ठ्यांचा एक अर्धा बक्षिसाला चिकटपट्टीनं लावा. नुसता खोचला तर पहिल्याच झुळकीला उडतो आणि मग कुठली बाटली कोणाची यावर वाद. दुसरा अर्धा घडी घालून ड्रममध्ये. हरणाऱ्या ४०० आकड्यांचा एकेकच अर्धा ड्रममध्ये टाकायचा. ५०० चिठ्ठ्या फाडून घडी घालायला दोन माणसांना संध्याकाळ जाते, तेव्हा शुक्रवारीच बसा. ५० पेन्सला एक धरली तर सगळ्या खपल्यावर २५० पौंड.

बक्षिसं टेबलावर आकड्यांच्या क्रमानं मांडा. दिसायला आकर्षक म्हणून बाटल्या पुढे, शांपू मागे असं केलंत तर ३८५ शोधताना रांग तुटते. आणखी एक अडचण: दोनच्या सुमाराला चांगल्या वस्तू संपतात आणि उरलेले साबण बघून लोक पाठ फिरवतात. यावर उपाय म्हणजे दोन ड्रम. पहिल्यात १ ते २५०, दुसऱ्यात २५१ ते ५००, आणि चांगली बक्षिसं दोन्हींत सारखी वाटून. पहिला संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

कायद्याचं थोडक्यात. फेटमधला रॅफल (लकी ड्रॉ) आणि टोम्बोला २००५ च्या जुगार कायद्यात ‘आनुषंगिक लॉटरी’ ठरतो, त्याला परवाना लागत नाही. अटी मात्र आहेत: तिकिटं कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रम चालू असतानाच विकायची, जमलेल्या पैशातून बक्षिसांच्या खरेदीसाठी जास्तीत जास्त ५०० पौंड आणि इतर खर्चासाठी १०० पौंडच वजा करता येतात, बक्षीस पुढच्या कार्यक्रमावर ढकलता येत नाही. ‘आधीच ऑफिसात तिकिटं विकू’ म्हणालात की ती वेगळी लॉटरी झाली आणि कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) नोंदणी करावी लागते. सीलबंद वाइनची बाटली बक्षीस म्हणून चालते. पेल्यानं दारू विकायची असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यायची: फी २१ पौंड, किमान १० पूर्ण कामकाजाचे दिवस आधी, आणि एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसं नकोत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

केकच्या टेबलावर मराठी घरांतून काही तरी येईलच, आणि यावं. बटाटेवडे तिथेच तळायचा विचार सोडा. कॅरॅव्हॅनमध्ये किंवा ऑनिंगखाली कढईभर उकळतं तेल म्हणजे आगीला आमंत्रण. कोरडे पदार्थ घरून करून आणा. प्रत्येकासमोर घटकांची चिठ्ठी हवी, कारण इथे १४ ॲलर्जीकारक घटक जाहीर करायची पद्धत आहे आणि त्यातले बरेच आपल्या डब्यात असतात. चकलीत तीळ. शंकरपाळ्यात गहू आणि दूध. चिवड्यात शेंगदाणे, आणि फोडणीतली मोहरीसुद्धा त्या १४ मध्ये आहे. सगळ्यात फसवा हिंग: दुकानातल्या बहुतेक डबीबंद हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून ‘नुसतं बेसन आहे हो’ म्हणून ग्लुटेन न चालणाऱ्याला हिंग घातलेली शेव देऊ नका. डबीवरची यादी वाचा. क्रीमचे केक बर्फपेटीशिवाय घेऊ नका. थंड पदार्थ ८ अंशांखाली, गरम ६३ अंशांवर. हात धुवायला नळाचा कॅन, साबण आणि खाली बादली.

‘स्प्लॅट द रॅट’ मुलांना फार आवडतो आणि खर्च जवळजवळ नाही. दीड मीटरचा सांडपाण्याचा पाइप फळीवर उभा बांधा, खालचं टोक जमिनीपासून हातभर वर. मोज्यात तांदूळ भरून उंदीर शिवा. वरून सोडायचा, खाली दिसताक्षणी मुलानं बॅटनं हाणायचा. उंदीर पाइपापेक्षा बराच बारीक हवा, नाहीतर मध्ये अडकतो आणि कोणाला तरी काठी शोधत फिरावं लागतं. सोडणाऱ्यानं आकडे मोजून सोडू नये, मुलं दुसऱ्याच खेपेला ताल ओळखतात. नारळ पाडायच्या स्टॉलवर आपल्याकडच्या आज्यांना कसंनुसं होतं, नारळ फोडायचा तो देवापुढे; पण पाडलेला नारळ घरी नेता येतो म्हटल्यावर नेम धरायला त्याच पुढे येतात.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. ३ बाय ३ मीटरचा गझिबो (चार पायांचा मांडव) हा मोठ्या छत्रीसारखाच. चारी पायांना प्रत्येकी १५-२० किलो वजन हवं. १० लिटरचे पाण्याचे दोन कॅन प्रत्येक पायाला बांधले की झालं. हवेचा उशीवाडा, म्हणजे बाउन्सी कासल, आणलाच तर किमान सहा ठिकाणी जमिनीत पक्का केलेला असावा आणि वारा ताशी २४ मैलांवर गेला की मुलं उतरवून हवा सोडायची. छोटा वारामापक स्वस्तात मिळतो. ‘जरा वेळ थांबू, पडेल वारा’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

फेट चालू असेपर्यंत कुरणात गाड्या हलवायला बंदी करा, पाहुण्यांचं पार्किंग वेगळ्या फाटकातून.

पैशाचं बोलायचं तर टेबलामागे सुट्टे ५० पौंड: एक पौंडाची २० नाणी, ५० पेन्सची २०, २० पेन्सची ५० आणि पाचाच्या दोन नोटा. कार्डयंत्र ठेवा, पण कुरणात रेंज येते का ते आदल्या दिवशी तपासा. शेवटी दोघांनी मिळून मोजायचं, कागदावर दोघांच्या सह्या. नाणी बँकेच्या पिशवीत: पौंडाची २० पौंडांची पिशवी, ५० आणि २० पेन्सची १० पौंडांची, १० पेन्सची ५ पौंडांची. गिफ्ट एड म्हणजे दर पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स, पण ते निव्वळ देणगीवरच. तिकिटावर किंवा केकवर मिळत नाही, म्हणून देणगीचा डबा वेगळा आणि फॉर्म त्याच्या शेजारी ठेवा.

रविवार आणि परतणं

रविवारी सकाळी ‘फ्लॅग’. सगळे खुर्च्या घेऊन झेंड्याभोवती जमतात, मार्शल आणि शेतकऱ्याचे आभार मानतात, किती पैसे जमले ते जाहीर होतं. नवीन आलेल्यांचं नाव पुकारतात, तेव्हा हजर राहा. त्याआधी कचरा वेचायची एक फेरी असते. रॅफलच्या चिठ्ठ्या गवतात फार खोल जातात.

रात्री पाऊस झाला असेल तर निघायची घाई नको; दोन तास ऊन पडलं तरी गवत बदलतं. ओल्या गवतावर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन कमीत कमी फिरवत, अलगद क्लच सोडा. चाक गरगरलं की लगेच थांबा. प्रत्येक गरगर चाकाला खोल पुरते. उताराच्या दिशेनं, न थांबता, न वळता फाटकापर्यंत जायचं. नाहीच निघालं तर ट्रॅक्टर बोलवा, आणि साखळी गाडीच्या ओढण्याच्या कडीला बांधा. कॅरॅव्हॅनच्या खिडकीखालच्या दांड्याला नाही, तो हातानं ढकलायला असतो.

घरी पोचल्यावर फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर आतून वास धरतो. ड्रम आणि पाइप रिकामे करा. ऑनिंग ओलीच गुंडाळली असेल तर दोन दिवसांत बागेत किंवा गॅरेजमध्ये उलगडून पूर्ण वाळवा. काळी बुरशी एकदा शिवणीत शिरली की निघत नाही. आणि खुंट्या मोजा. चार-पाच तिथेच राहिल्या असतील तर मार्शलला लगेच फोन करा, कारण त्या कुरणात पुढच्या आठवड्यात गवतकापणीचं यंत्र फिरणार असतं.